डासाच्या पोटात रक्त पचतं, मग डेंग्यूचा विषाणू का पचत नाही?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. पाऊस उघडल्यापासून आमच्या अपार्टमेंटमध्ये घरटी एकजण तापानं झोपलाय. दोघांची एनएस-वन, म्हणजे डेंग्यूची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली. जिन्यात कुणी भेटलं की आधी 'प्लेटलेट किती?' आणि मग 'जेवलात का?'

माझा मुलगा नववीत आहे. त्याचं म्हणणं असं: डास रक्त पितो म्हणजे ते त्याचं जेवण. जेवण पचतं, तर त्यातला डेंग्यूचा विषाणूही पचून जायला हवा. आणि तो पचत नसेल, तर मग एड्सचा विषाणू तरी का पचतो? डास चावून एड्स झाल्याचं कधी ऐकलं नाही. मी कॉमर्सवाली, गप्प बसले. इथं प्राणिशास्त्रवाले, डॉक्टर बरेच आहेत. साध्या मराठीत कुणी सांगेल का?

माझा स्वतःचा एक उपप्रश्न. नळ चार-पाच दिवसांआड येतो. बॅरलमध्ये पाणी साठवल्याशिवाय गत्यंतर नाही. जो तो येऊन 'पाणी साठवू नका' सांगून जातो. मग करायचं काय?

कडकभाकरी

पहिली दुरुस्ती. डास पीत नाही, डासीण पिते. तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. नर बिचारा फुलांच्या रसावर दिवस काढतो.

पेठेतली_वहिनी

आमच्याकडे उलट आहे. रक्त तेच पितात. :ड

सूक्ष्मदर्शी

मुलाचा प्रश्न एक नंबर आहे. त्याला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

बहुतेकांना वाटतं की डास म्हणजे उडती सुई. एकाचं रक्त ओढलं, दुसऱ्याला टोचलं, झालं. तसं नाही. डासाच्या सोंडेत रक्त वर ओढायची नळी वेगळी आणि लाळ सोडायची वेगळी. प्यायलेलं रक्त पुढच्या माणसात उलटं जात नाही. जाते ती फक्त लाळ. म्हणजे विषाणूला पसरायचं असेल तर पोटातून निघून लाळग्रंथीपर्यंत पोचावं लागतं, आणि पोट ते लाळग्रंथी असा सरळ रस्ता नाही.

मादी एका वेळी दोन-तीन मायक्रोलिटर रक्त पिते, जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं. गोड रस वेगळ्या पिशवीत साठतो, रक्त थेट मधल्या आतड्यात उतरतं. तिथं पाचक रस सुटतात आणि काही तासांत त्या रक्ताच्या गोळ्याभोवती, दुधावर साय धरावी तसा, एक पातळ पडदा धरायला लागतो. डेंग्यूच्या विषाणूला तो पडदा घट्ट व्हायच्या आत आतड्याच्या पेशीला चिकटून आत शिरावं लागतं. जे विषाणू मागे राहिले ते रक्ताबरोबर पचले. म्हणजे मुलाचं निम्मं बरोबर आहे. बरेचसे पचतातच.

पेशीत शिरला की तो तिथं वाढतो. पुढची अडचण बाहेर पडायची. आतड्याच्या पेशींच्या मागे चिवट अस्तर असतं, ते ओलांडलं तर डासाच्या अंगातल्या द्रवात, मग चरबीच्या पेशींत, मग लाळग्रंथीत. पुष्कळ डासांत विषाणू आतड्यातच अडकून पडतो. तो डास जन्मभर चावत फिरला तरी डेंग्यू देत नाही.

आता एड्स. त्या विषाणूला माणसाच्या ठरावीक पांढऱ्या पेशी लागतात. डासाच्या आतड्यात तशा पेशीच नाहीत. शिरायला दार नाही, म्हणून एक-दोन दिवसांत रक्ताबरोबर पचून जातो.

चादरवाला

सर, तुम्ही हे स्वतः बघितलंय का पुस्तकातलं सांगलालाव?

सूक्ष्मदर्शी

विषाणू दिसत नाही हो, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आतडं मात्र बघितलंय. एमएस्सीला असताना बर्फावर गार करून निपचित केलेली मादी काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवायचो. एक सुई छातीवर टेकवायची, दुसऱ्या सुईनं पोटाची शेवटची दोन कडी पकडून अगदी सावकाश ओढायचं. आतडं अख्खंच्या अख्खं बाहेर सरकतं. मागच्या बाजूला पाच बारीक पांढुरके धागे लोंबत असतात, त्या मालपिघी नलिका, म्हणजे डासाची मूत्रपिंडं समजा. झुरळात त्या ढीगभर असतात, डासात मोजून पाच. नुकतीच रक्त प्यायलेली मादी असेल आणि हात जरा जड पडला, की आतडं फुटतं आणि थेंब लालभडक. मग बाई ओरडणार आणि नवीन डास घ्यावा लागणार.

कडकभाकरी

मी जेवताना धागा उघडला ही माझी चूक नाही, सूक्ष्मदर्शींची आहे.

हैदराबादी_जावई

डासाचं पोट फाडायचा विषय निघालाय म्हणून सांगतो. सासरी जाताना सोलापूरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी सिकंदराबाद. तिथंच रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाच्या परोपजीवीच्या गाठी पाहिल्या. त्याआधी कित्येक डास उघडून हाती काही लागलं नव्हतं. ऑगस्टातली उकड, आणि पंखा लावावा तर डास उडून जातात. १९०२ ला नोबेल मिळालं. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन. शुभेच्छा कुणाला द्यायच्या ते मात्र कळत नाही.

सूक्ष्मदर्शी

चांगली आठवण काढलीत. फक्त गल्लत नको: तो हिवताप, त्याचा डास ॲनॉफिलिस, आणि तो परोपजीवी आहे, विषाणू नव्हे. डेंग्यू-चिकुनगुनियाचा डास एडिस इजिप्ती. पण आतड्याची भिंत ओलांडायची सक्ती दोघांनाही आहे.

तापवाला_डॉक्टर

सूक्ष्मदर्शींनी रस्ता सांगितला, मी वेळ सांगतो, कारण खरी गोम तिथंच आहे.

रुग्णाला चावलेली एडिस मादी लगेच दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकत नाही. आतड्यातून लाळेपर्यंतच्या प्रवासाला दिवस लागतात आणि ते तापमानावर ठरतं. २५ अंशाला सरासरी १५ दिवस, ३० अंशाला साधारण साडेसहा. डास काही घोड्याइतका जगत नाही. घरातली मादी दोन-तीन आठवडे टिकली तरी खूप. म्हणजे डेंग्यू देणारी मादी ही डासांतली म्हातारी असते. कोवळा डास चावला तर खाज, म्हातारी चावली तर ताप.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, घरातले डास रोजच्या रोज मारणं वाया जात नाही. सगळे मेले नाहीत तरी चालेल, म्हातारे होऊ द्यायचे नाहीत. दोन, रुग्णाला मच्छरदाणीत ठेवा, तेही दिवसा. एडिस दिवसा चावते, सकाळी आणि संध्याकाळी उन्हं उतरताना जास्त. रुग्णाच्या रक्तात विषाणू ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासून ताप उतरेपर्यंत असतो. त्या दिवसांत घरातल्या डासांना त्याचं रक्त मिळालं नाही तर पुढची साखळी तिथंच तुटते. आपल्याकडे मच्छरदाणी रात्री लावतात आणि दिवसभर पेशंट हॉलमध्ये कोचावर, भेटायला येणाऱ्यांच्या गराड्यात.

चादरवाला

म्हणजे उन्हाळ्यात ४२ डिग्रीला विषाणू दोन दिवसात लाळेत पोचणार काय बे? मग मे महिन्यात सगळं सोलापूर आडवं पडाय पाहिजे की.

तापवाला_डॉक्टर

नाही पडत, कारण त्या उन्हात डासच टिकत नाही. अंगातलं पाणी आटून मरतो. एडिसच्या जोडीनं डेंग्यू सगळ्यात सहज पसरतो तो २९ अंशांच्या आसपास. म्हणून आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतर जोर. पण कूलर लावलेल्या खोलीत बाहेरचं ४२ नसतं, आणि कूलरच्या ट्रेमध्ये पाणी असतं. उन्हाळ्यात तुरळक केसेस येतात त्या अशा घरांतून.

बार्शीचा_बाळ्या

डेंग्यूचं ठीक आहे, पण चिकुनगुनियाच्या बाबतीत आमची बार्शी सीनियर आहे! १९७३ साली बार्शीत साथ आली होती, तिची नोंद शास्त्रज्ञांच्या लिखाणात आहे. आमची आजी सांगायची, गल्लीतले धडधाकट गडी भिंतीला धरून चालायचे. नावबीव कुणाला माहीत नव्हतं. मग तीस-बत्तीस वर्षं सगळं सामसूम आणि २००६ ला देशभर पुन्हा. मला तेव्हा झाला होता. सकाळी ब्रश धरता येत नव्हता. पण हा इतकी वर्षं लपला कुठं होता?

सूक्ष्मदर्शी

बाळ्या, तुमच्या १९७३ च्या साथीतला विषाणू आशियाई प्रकारचा होता. २००५-०६ ला आला तो आफ्रिकेकडचा, हिंदी महासागरातल्या बेटांवर धुमाकूळ घालून आलेला. म्हणजे जुनाच परत आला असं नाही. २००६ मध्ये देशात १३ लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले.

आणि धाग्याच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. रियुनियन बेटावरच्या साथीत विषाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या एका प्रथिनात २२६ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं. ॲलॅनिन जाऊन व्हॅलिन आलं. एवढ्याशा बदलानं तो एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासाच्या आतड्यात कितीतरी सहज शिरायला लागला. त्या बेटावर इजिप्ती विरळा, अल्बोपिक्टस भरपूर. २००७ मध्ये केरळात हाच बदल झालेला विषाणू सापडला. तिथंही रबराच्या मळ्यांत अल्बोपिक्टसच. म्हणजे साथ कुठं पसरणार हे डासाच्या आतड्याच्या पेशीवर ठरलं.

बार्शीचा_बाळ्या

बापरे. एका आम्लापायी माणसं महिनोन्‌महिने लंगडली.

पेठेतली_वहिनी

पपईच्या पानांचा रस कुणी दिलाय का? माझ्या जावेच्या प्लेटलेट ४० हजारांवरून दोन दिवसांत लाखावर गेल्या. शिवाय शेळीचं दूध.

तापवाला_डॉक्टर

वहिनी, ताप उतरल्यावर दोन-चार दिवसांत प्लेटलेट आपोआपच चढतात. त्या वेळी जे हातात असेल त्याला श्रेय जातं. कुणाच्या पपईला, कुणाच्या किवीला. रस पिऊन उलट्या होणार असतील तर नकोच. पाणी, पेज, ताक, ओआरएस चालू ठेवा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनानं घेऊ नका. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही, धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, माणूस गळून गेल्यासारखा वाटणं, यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेटचा आकडा न बघता दवाखाना गाठा.

पेठेतली_वहिनी

बरं. पण शेळीच्या दुधाचा भाव या दिवसांत कुठं जातो ते बघून या एकदा.

ताकपिता

एक शंका. एकदा पोटभर रक्त प्यायली की ती परत कशाला चावते? आमच्याकडे एकच डास सगळ्या घराला चावून जातो असं वाटतं.

सूक्ष्मदर्शी

वाटतं ते खरंच आहे. एडिस लाजरी आणि चपळ. हात हलला की उडते, दुसऱ्यावर बसते. एका अंड्यांच्या खेपेसाठी दोन-तीन माणसांचं रक्त घेते. म्हणूनच एका घरात पाठोपाठ तिघं आजारी पडतात.

यात आणखी एक मेख. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं डासाला एकदाच विषाणू असलेलं रक्त पाजून दिवस मोजायचे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तीन दिवसांनी त्याच डासांना दुसऱ्यांदा, या वेळी साधं निरोगी रक्त पाजलं. विषाणू आतड्यातून लवकर बाहेर पडला. रक्तानं आतडं ताणलं जातं तेव्हा मागच्या अस्तराला बारीक भोकं पडतात आणि आत अडलेल्या विषाणूला वाट मिळते. डेंग्यू, झिका, चिकुनगुनिया, तिन्हींत हेच दिसलं. म्हणजे डॉक्टरसाहेबांनी दिलेल्या दिवसांतूनही, खऱ्या घरात सारख्या चावणाऱ्या डासासाठी, थोडे वजा धरा.

ताकपिता

आणि आपल्या आतड्यात जसे चांगले जिवाणू असतात तसे डासाच्या?

सूक्ष्मदर्शी

असतात, आणि त्यांच्यावर सध्या जोरात काम चालू आहे. काही विषाणूला मदत करतात. सेराशिया मार्सेसेन्स नावाचा जिवाणू एक प्रथिन सोडतो, त्यानं आतड्याच्या पेशींवरचा श्लेष्म्याचा थर विरघळतो आणि डेंग्यूला पेशी उघडी मिळते. हे २०१९ चं. उलट २०२४ मध्ये चीनच्या युन्नान प्रांतातल्या डासांच्या आतड्यात एक जिवाणू सापडला, तो आतडं इतकं आंबट करतो की डेंग्यूचा विषाणू पेशीत शिरायच्या आधीच निकामी होतो.

ताकपिता

डासाला ताक पाजा. माझं नाव सार्थ झालं.

शंकासुर

ही सगळी जिवाणू सोडायची भाषा मला पटत नाही. ते वोल्बाकिया का काय, डासात भरून गावात सोडतात म्हणे. आपण काय गिनिपिग? शास्त्राच्या नावाखाली काय काय चालतं ते बघितलंय. धूर मारून जातात, त्यानंही एक डास मरत नाही.

विणकर_गल्ली

शंकासुरांशी निम्मा सहमत. धुराची गाडी रस्त्यानं जाते, एडिस असते खाटेखाली, कपाटामागं, खुंटीवरच्या शर्टात. आमच्याकडं यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कोनांमागं दिवसा अंधार, तिथं बसलेल्या असतात. गाडीचा आवाज आला की बाया दारं-खिडक्या लावून घेतात, धूर आत येऊ नये म्हणून. मग मरणार कोण?

तापवाला_डॉक्टर

साथ भडकलेली असताना धुरानं काही म्हाताऱ्या माद्या मरतात, तेवढाच फायदा. अळ्यांना काही होत नाही, त्यातून आठवड्यात नवीन पीक तयार. रोजचा उपाय म्हणून तो नाहीच.

वोल्बाकियाबद्दल. शंका घेणं चूक नाही, पण नीट वाचून घ्या. वोल्बाकिया कित्येक कीटकांत निसर्गतःच असतो, एडिस इजिप्तीत नसतो. तो माशीतून काढून या डासात बसवला की विषाणूला डासाच्या पेशींत वाढायला अवघड जातं. इंडोनेशियात योग्यकर्ता शहराचे भाग पाडून काहींत असे डास सोडले, काहींत नाहीत. २०२१ ला निकाल आले: सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पुदुच्चेरीतल्या संस्थेनं २०२२ मध्ये असे डास तयार झाल्याचं सांगितलं. माणसाला वोल्बाकिया लागत नाही.

हैदराबादी_जावई

शंकासुरांच्या बाजूनं एक जुनी गोष्ट. १९७० च्या दशकात दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआरचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र होतं. हे जैविक युद्धाचं सोंग आहे असा आरोप वर्तमानपत्रांतून झाला, संसदेत गाजला, आणि १९७५ मध्ये केंद्र बंद पडलं. लोकांना आधी नीट सांगितलं नाही की असं होतं.

शंकासुर

धन्यवाद जावई. निदान कुणीतरी.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार. मुलानं पूर्ण धागा वाचला, शेळीच्या दुधासकट. त्याचा पुढचा प्रश्न: डासाला डेंग्यूचा ताप येत नाही का?

आणि माझी बॅरल तशीच राहिली हो.

सूक्ष्मदर्शी

या पोराला विज्ञान शाखेत घाला.

डास फारसा आजारी पडत नाही. त्याच्या पेशी विषाणूची जनुकीय प्रत ओळखून तिचे तुकडे करत राहतात. त्यामुळे विषाणू आटोक्यात राहतो, पण साफ नाहीसा होत नाही. डास एकदा बाधित झाला की मरेपर्यंत बाधित. विषाणूलाही ते सोयीचं आहे. वाहन लवकर मोडलं तर पुढं जायचं कसं?

विणकर_गल्ली

बॅरलचं मी सांगतो, कारण आमच्या दारात पाच आहेत. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि नळ त्याच्या आत येतो. म्हणजे दर नळाला बॅरल पूर्ण रिकामी झाली तर अळीचा डास होतच नाही. पण आपण रिकामी करत नाही. तळाशी वीतभर पाणी ठेवून वरून भरतो, उद्या नळ नाहीच आला तर या भीतीनं. त्या वीतभर पाण्यात अळ्या सुखात असतात, डोकं खाली, शेपटाची नळी वर. टॉर्च मारली की वळवळत तळाला जातात.

आम्ही नंबर घातले. एक नंबर संपल्याशिवाय दोनला हात लावायचा नाही. जी संपली ती उपडी करून आतून काथ्यानं घासायची, विशेषतः पाण्याची रेघ उमटते तिथं. अंडी पाण्यात नसतात, रेघेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, काळी, खसखशीपेक्षा बारीक. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी महिनोन्‌महिने कोरडी राहतात आणि पाणी लागलं की फुटतात.

आणि झाकण. झाकण सगळ्यांकडं असतं. त्याला पाइप घालायला पाडलेलं भोक पण सगळ्यांकडं असतं. डास तिथनंच आत. आम्ही जुना पातळ पंचा तोंडावर ताणून सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधतो, झाकण त्याच्यावर.

पेठेतली_वहिनी

भोकाचं अगदी खरं! आत्ता जाऊन बघितलं. त्यात चिंधी कोंबून आले.

कडकभाकरी

बिल्डिंगच्या सिमेंटच्या टाकीला पंचा कुठला पुरणार? तिथं काय?

तापवाला_डॉक्टर

टाकीच्या झाकणाची फट बुजवा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी बांधा. न पिण्याच्या हौदात गप्पी मासे सोडा, अळ्या खातात. नळाचं ताजं पाणी भरलं असेल तर एक-दोन दिवस थांबून सोडा, क्लोरिननं मरतात. अळीनाशक टाकायला कर्मचारी आले तर टाकू द्या, परत पाठवू नका.

चादरवाला

आमच्या हौदात गप्पी हायेत. दोन सोडले होते, आता मोजता येईनात. कुणाला पाहिजे असतील तर बरणी घेऊन या, फुकट देतो.

जुळेसोलापूरकर

मला हवेत! रविवारी येऊ का? पोरगंही येतो म्हणतंय.

शंकासुर

आता तो गप्पीचं पोट कसं चालतं ते विचारणार. त्याला वेगळा धागा काढा.